एका साच्यातले हात

मिस्त्रींनी माझं नाक जसंच्या तसं काढलं, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जरासं उजवीकडे झुकलंय, तेवढं सरळ करता आलं असतं. पण नाही. "आहे ते आहे," म्हणाले आणि ते नाक काचेमागे बसवून टाकलं, येणारा-जाणारा बघत राहील असं.

आमच्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर नावेच्या धक्क्याचा एक मोठा देखावा होता. खोलीएवढा, समोर काच. त्यात नदी, नदीत नाव, नावेतून उतरणारी माणसं, काठावर जाळं दुरुस्त करणारा एक जण, बकरी धरून उभी असलेली म्हातारी, आणि कोपऱ्यात पायरीवर कपडे धुणारी एक बाई. ती बाई म्हणजे मी. मी संग्रहालयाची शिंपीण. पुतळ्यांचे कपडे शिवायचे, विरले की बदलायचे, कसर लागली की डोकं धरून बसायचं, हे माझं काम. त्या बाईच्या अंगावरचे कपडे मी शिवलेले आणि ती आपटत होती तेही मीच शिवलेले. म्हणजे शिवायचंही मी आणि धुवायचंही मीच!

पुतळ्यांसाठी बाहेरची माणसं आणून बसवायची आमच्याकडे सोय नव्हती, म्हणून वर्कशॉपमधल्याच माणसांच्या चेहऱ्यांचे साचे घ्यायचे अशी मिस्त्रींची पद्धत. तुम्हाला टेबलावर आडवं पाडायचे, नाकात दोन नळ्या खुपसायचे, तोंडावर गार प्लास्टर थापायचे आणि वर बजावायचे, "हसायचं नाही." आता असं सांगितल्यावर कोण हसणार नाही? आमच्या पहारेकऱ्याचा चेहरा तीनदा घ्यावा लागला. शेवटी तो म्हातारीला लावला. मिशी काढली की अगदी आजी दिसतो, असं मिस्त्रींचं मत पडलं. पहारेकरी वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, पण घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन यायचा आणि सांगायचा, "ती बकरीवाली, तो मी."

मिस्त्री म्हणजे हुद्द्याने देखावे विभागाचे पर्यवेक्षक. सुतारकामातून वर चढले म्हणून सगळे मिस्त्रीच म्हणत. संग्रहालयात जे जे उभं राहायचं, ते त्यांच्या देखरेखीखाली उभं राहायचं, आणि उभं राहिलेलं पडू नये हेही त्यांनीच बघायचं. त्यातही धक्का म्हणजे त्यांचा जीव. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, संग्रहालय बंद असताना, ते बूट काढून जाड मोजे घालत, मागच्या गुडघ्याएवढ्या दारातून रांगत आत शिरत आणि फळ्यांवरून तोल सांभाळत धूळ काढत फिरत. पक्ष्यांच्या पिसांवर रबरी फुग्याने फुंकर मारायची. कपड्यांवरची धूळ ओढायच्या नळीच्या तोंडाला माझ्याकडचं पातळ कापड बांधून घ्यायचं, म्हणजे एखादं बटण आत जायला नको. नदी राळेची होती, सायीएवढे पातळ थर एकावर एक ओतून केलेली, आणि ती कोपऱ्यात पिवळी पडू लागली की मिस्त्रींचा चेहराही पिवळा पडायचा. सगळं झालं की बाहेर येऊन काचेसमोर उकिडवे बसायचे आणि खालून वर बघायचे.

हे उकिडवं बसणं म्हणजे आम्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप. एकदा मी धुणाऱ्या बाईच्या बाहीला आतल्या बाजूने जरा मोठे टाके घातले. जिथे कुणाचा बापही बघणार नाही अशी जागा. दुसऱ्या दिवशी ती बाही उसवून माझ्या मशिनवर ठेवलेली. मी भडकले. म्हटलं, "मिस्त्री, तिथे कोण बघतंय?"

"पोरं खालून बघतात," ते म्हणाले.

झालं. त्यापुढे अपील नाही. नाकाने कांदे सोलणारा माणूस होता तो. रंगाऱ्याला म्हणू नका, वायरमनला म्हणू नका, कुणाला सोडत नसत. फक्त एका माणसाची चूक त्यांना कधी दिसली नाही, आणि त्या माणसाची गोष्ट सांगायलाच मी बसले आहे.

धक्क्यामागचं आभाळ रंगवायला एक तरुण चित्रकार आला होता. कलाशाळेतून नुकताच बाहेर पडलेला, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा, खायचे-प्यायचे हाल. मिस्त्रींच्या पाठीवर भाऊ नाही. पहिल्या आठवड्यातच ते त्याला 'धाकट्या' म्हणायला लागले आणि तो त्यांना 'दादा'. मिस्त्रींची बायको, जिला मीही वहिनीच म्हणते, एकाच्या जागी दोन डबे भरायला लागली. धाकट्याचा डबा वेगळा, झाकणाला निळा ठिपका लावलेला, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. त्याला तिखट चालत नाही, हे वहिनींना माझ्या आधी कळलं होतं, आणि मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होते.

तर या धाकट्याने आभाळ रंगवलं. सुंदर रंगवलं, खोटं कशाला बोलू. पण सूर्य डावीकडे, आणि पायऱ्यांवर आम्ही आधीच रंगवून ठेवलेल्या सावल्याही डावीकडे. कुणाच्याही लक्षात यावं इतकं उघड. दुसरा कुणी असता तर मिस्त्रींनी त्याला कुंचला खायला लावला असता. आम्ही सगळे मजा बघायला जमलो. मिस्त्री उकिडवे बसले, खालून बघितलं, उठले आणि म्हणाले, "आभाळ फार चांगलं आलंय. आपण सावल्या हलवू."

आणि हलवल्या! सगळ्या वर्कशॉपने मिळून पायऱ्या पुन्हा रंगवल्या. वायरमनने सगळे दिवे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेले. शिडीवरून उतरताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, "भाऊ असावा तर असा. आपल्यासाठी कुणी बल्ब नाही हलवत, याच्यासाठी अख्खं ऊन हलवलं."

त्याच देखाव्यात दोन पुतळे होते. एक नावेतून पाय बाहेर टाकणारा तरुण, त्याला धाकट्याचा चेहरा. दुसरा काठावर उभा राहून त्याला वर ओढून घेणारा माणूस, त्याला मिस्त्रींचा. ओढणाऱ्याने तरुणाचं मनगट पकडलेलं. आता दोन हात वेगळे करून एकमेकांना चिकटवले की ते चिकटवल्यासारखेच दिसतात, पकडल्यासारखे दिसत नाहीत. म्हणून मिस्त्रींनी ठरवलं, दोन्ही हात एकाच साच्यात घ्यायचे. एका बादलीत साच्याचा लगदा कालवला, मिस्त्रींनी धाकट्याचं मनगट पकडलं आणि दोघांनी कोपरापर्यंत हात आत घातले. लगदा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. नेमक्या त्याच वेळी वहिनी काही निमित्ताने आल्या होत्या. जेवायची वेळ झालेली आणि दोघं त्या बादलीत अडकलेले. मोकळा हात होता की दोघांचा एकेक, पण मिस्त्री म्हणाले, "तोल जाईल, साचा हलेल." मग वहिनींनी डबे उघडले आणि दोघांना भरवलं. एक घास नवऱ्याला, एक घास दिराला. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो म्हणाला, भाजी तिखट आहे. भाजी तिखट नव्हती. ती त्याच्या डब्यातली होती.

साच्यात प्लास्टर ओतून ते हात बाहेर आले ते एकसंध. कुठे याचा हात संपतो आणि त्याचा सुरू होतो, ते फक्त नखांवरून कळायचं.

पुढे धाकटा चढत गेला. चित्रकाराचा रचनाकार झाला, मग विभागाचा प्रमुख, आणि एक दिवस संग्रहालयाचा संचालक. हुशार होता, बोलायला गोड होता, आणि कुणाशी कधी वाकडं घेतलं नाही. आम्ही सगळे 'साहेब' म्हणायला लागलो. मिस्त्री मात्र भर बैठकीत "अरे धाकट्या" म्हणत, आणि तो "बोला दादा" म्हणे. निळ्या ठिपक्याचा डबा वर साहेबांच्या खोलीत जायला लागला, एवढाच काय तो फरक.

मग शेजारी नवीन इमारत उभी राहू लागली. जुन्या इमारतीतलं सगळं तिकडे जाणार, जुनी दालनं रिकामी होणार. मिस्त्रींची झोप उडाली. खोलीएवढा देखावा हलवायचा कसा, आणि हलवणार तरी का? एका संध्याकाळी मी वहिनींकडे मशिनचा पट्टा बसवायला गेले होते, तेव्हा धाकटा तिथेच जेवायला बसला होता. मिस्त्रींनी सरळ विचारलं.

"दादा, नवीन इमारतीत सगळ्यात आधी धक्का जाणार," तो म्हणाला. "मग बाकीचं."

"शब्द?"

"वहिनींच्या हातचं जेवताना सांगतोय. अजून काय पाहिजे?"

मिस्त्रींना अजून काहीही नको होतं. त्यांना निवृत्त व्हायला वर्षही उरलं नव्हतं. ते सगळं त्यांनी धक्का सोडवायच्या तयारीत घातलं. कुठे कापायचं, कुठला तुकडा आधी सुटेल, कुठला नंतर, मागच्या भिंतीतल्या पाइपांना आणि वायरींना धक्का न लागता नदी कशी उचलायची, हे सगळं धाकट्याने त्यांच्यावर सोपवलं होतं. फक्त एका गोष्टीवर दोघांचं वाजलं.

"अरे, नव्या दालनाचं दार हत्ती जाईल एवढं आहे," मिस्त्री म्हणाले. "तीन तुकड्यांत काम होतंय. प्रत्येक ठिकाणी कापलं की तेवढी जखम. तू एवढे बारीक तुकडे कशाला करायला सांगतोस?"

"दादा, पुढच्या बाजूला बांधकामाचं सामान पडलंय. मागच्या दारातूनच न्यावं लागेल. त्या दारात बसतील एवढे करा ना."

"सामान काय, उचलता येतं."

"दादा. ऐका ना माझं."

मिस्त्री ऐकून घेणाऱ्यातले नव्हते, पण याचं ऐकलं. मला तेव्हाच खटकलं होतं, कारण मागचं दार उघडतं ते अंगणात, आणि नवीन इमारत पुढच्या बाजूला. पण आपण शिंपीण. आपण मापं घ्यावी, दारं मोजू नयेत.

मग मिस्त्री धक्क्यात पोटावर झोपून रेघा मारत राहिले. माझा कापडावर खुणा करायचा खडू नेला, तो परत आला तेव्हा नखाएवढा उरला होता. रेघ कुठे तर पायरीच्या कडेखाली, दोराच्या वळणामागे, नावेच्या काठाच्या आतल्या बाजूला, म्हणजे पुन्हा जोडल्यावर सांधा दिसायला नको. गंजलेले नटबोल्ट एकेक करून सैल केले, तेल घातलं, पुन्हा हाताने फिरतील एवढेच आवळले. प्रत्येक तुकड्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कुठे धरायचं, कुठे ढकलायचं. त्या दोन हातांपाशी मात्र ते थांबले. सरळ पाहिलं तर मनगटावर कापणं सोपं होतं. त्यांनी रेघ मारली स्वतःच्या कोपरावर.

"त्याचा हात नको तोडायला," मला म्हणाले. "माझ्या इथे बाही आहे, सांधा झाकला जाईल. तू जरा लांब बाही शिवून ठेव."

मी शिवून ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. धाकट्याने सांगितलं की मला सख्खा भाऊ असता तरी त्याने इतकं केलं नसतं. मिस्त्रींना बोलायला उभं केलं तर त्यांना एकच वाक्य सुचलं. "धक्का हलवाल त्या दिवशी मला बोलवा," म्हणाले आणि बसले. टाळ्या वाजल्या. धाकट्यानेही वाजवल्या.

मिस्त्री घरी बसले, पण धाकट्याचा डबा थांबला नाही. मी त्यांच्या मागच्याच गल्लीत राहते, तर रोज सकाळी वहिनी तो माझ्या हातात द्यायच्या. त्या सकाळीही मी तो वर साहेबांच्या टेबलावर ठेवला, माझ्या खोलीत येऊन खिडकी उघडली, तर अंगणात मागच्या दाराला ट्रक लागलेला. चार-पाच माणसं दारातून तुकडे आणत होती आणि ट्रकमध्ये भिरकावत होती. जाळंवाला गेला. बकरी गेली. मग दोघांनी मला आणलं, एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून, आणि दिलं फेकून. माझं नाक शेवटी सरळ झालं की नाही, ते तेवढ्या लांबून दिसलं नाही.

मी धावत खाली गेले. "अहो, पेट्या कुठायत? कापूस नाही, कापड नाही, असं कुठे नेतात का?"

"पेट्या?" ट्रकजवळचा माणूस हसला. "बाई, हे भंगारात चाललंय."

आणि वर तो कौतुकाने सांगतो, "पण या रेघा कुणी मारल्या हो? देवमाणूस असला पाहिजे. आम्ही घण आणले होते, आठवडा मोडेल म्हणून. घण लागलाच नाही. कुठे ढकलायचं तेसुद्धा लिहिलंय. नटांना तेलसुद्धा घातलंय!"

मी मिस्त्रींना फोन केला. खरं सांगायला जीभ उचलेना. "धक्का हलवतायत, या," एवढंच बोलले.

ते रिक्षाने आले. दोन्ही हातांत पिशव्या, त्यात जुन्या चादरी, उशांमधला कापूस. उतरता उतरताच बोलायला लागले, "गडबडीत मला बोलवायचं विसरला असेल. व्याप काय कमी आहेत त्याला? कापूस नीट भरतायत ना? मी म्हटलं असूदे आपल्याकडचा." मग त्यांना ट्रक दिसला. नदीचा एक तुकडा उभा फाटून सळईवर टेकला होता. त्यावर खडूने त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, 'हळू. खालून धरा.'

नेमके तेव्हाच दोघं जण आभाळाची फळी गुडघ्यावर ठेवून मोडत होते. मिस्त्री पुढे झाले.

"आभाळ असं मोडू नका रे," ते म्हणाले. "साहेबांनी स्वतः रंगवलंय ते. त्यांना वाईट वाटेल."

देवा शपथ, मला त्या क्षणी त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. पिशव्या तिथेच ठेवून ते जिन्याकडे निघाले. "धाकट्याला माहीत नसणार. कुणीतरी घोळ घातलाय. सांगायला पाहिजे." मी मागे मागे गेले.

साहेब खुर्चीतून उठले. टेबलावर निळ्या ठिपक्याचा डबा होता.

"धाकट्या, खाली ते लोक सगळं चुकीचं..."

"दादा, बसा."

"बसायला वेळ नाही रे, निम्मं भरलं त्यांनी."

"दादा, विश्वस्तांनी ठरवलंय. नवीन दालनात सगळे पडदे लागणार. हात लावला की चित्र हलतं, बोलतं. देखावे आता कुणाला नकोत."

मिस्त्री बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "कधी ठरलं?"

धाकट्याने टेबलावरचे कागद सारखे केले.

"कधी ठरलं, धाकट्या?"

"नव्या इमारतीचं ठरलं तेव्हाच."

"म्हणजे माझ्या घरी जेवत होतास तेव्हा."

खालून काहीतरी मोठं पडल्याचा आवाज आला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

धाकट्याने त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, कुत्सित बोलला नाही. कामाचंच काही बोलावं तसं म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही रेघा मारल्या असत्यात का? भिंतीत पाइप आहेत, वायरी आहेत. दुसऱ्या कुणी तोडायला घेतलं असतं तर निम्मं दालन खाली आलं असतं. हे तुमच्याशिवाय कुणालाच जमलं नसतं, दादा."

आता याला काय म्हणायचं? केसाने गळा कापायचा, आणि वर त्या गळ्याचं कौतुक करायचं! मिस्त्रींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते त्या डब्याकडे बघत होते.

"जेवून घे," ते म्हणाले. "गार होईल." आणि जिना उतरून गेले. पिशव्याही घेतल्या नाहीत.

संध्याकाळी मी डबा परत न्यायला वर गेले तर तो रिकामा होता. जेवला होता तो! घास घशाखाली उतरला कसा, ते मला आजवर कळलेलं नाही. वहिनींनी डबा घासला, पुसला आणि वरच्या फळीवर पालथा घातला. त्या काही बडबडणाऱ्या बाई नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी त्याला 'भाऊजी' म्हणणं सोडलं, एवढंच.

मिस्त्री आजारी पडले नाहीत, रडले नाहीत. बाजारात जाताना संग्रहालयाचा रस्ता टाळून लांबून जाऊ लागले. एकदाच माझ्याशी बोलले. "मोडायचं होतं तर मोडायचं की. संग्रहालय काय माझ्या बापाचं नाही. पण माझ्याच हाताने मोडून घेतलं. मी त्या नटांना तेल घालत होतो, तेव्हा हा माझ्या बाजूला उभा राहून बॅटरी धरत होता." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

नवीन दालन उघडलं. पडदेच पडदे, आणि आत शिरताना दारातच एक पुतळा. त्या दिवशी ट्रकमध्ये एक पुतळा कमी होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाय पुढे टाकणारा तरुण. मागे नाव नाही, खाली नदी नाही, नुसता चौथऱ्यावर उभा, आणि चेहरा साहेबांचा. जुन्या काळाची आठवण म्हणून एक ठेवला, असं म्हणे नव्या दालनाच्या समितीनेच सुचवलं. असेल बाई. समितीला बरोबर तोच सापडला.

पण एक पंचाईत झाली. त्याच्या मनगटाला दुसरा हात होता. कोपरापाशी कापलेला, मिस्त्रींच्याच रेघेवर. पोरं त्या कोपराला दप्तरं अडकवायची, मोठी माणसं त्याच्याशी हात मिळवून फोटो काढायची, आणि ते कशाचं काय आहे असं विचारायची. नवीन माणसांनी तो सोडवायला घेतला तर साहेबांच्या मनगटाला बारीक चीर गेली. घाबरून सोडून दिलं. मग फोन आला. मिस्त्रींना नाही, वहिनींना. मी तिथेच होते.

"वहिनी, दादांना सांगाल का? त्यांच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

वहिनींनी फोन छातीशी धरला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या भावाचा."

मला वाटलं आता तरी हा माणूस दोन शिव्या देईल. त्यांनी ऐकून घेतलं, "उद्या येतो" म्हणाले आणि हत्यारांना तेल लावायला बसले. मी तोंडाचा पट्टा सोडला. "खाल्ल्या घरचे वासे मोजले त्याने, आणि तुम्ही परत त्याचंच अंगण झाडायला निघालात? मी असते तर करवत सरळ त्याच्या मनगटावर चालवली असती."

"पुतळ्याने काय केलंय?" ते म्हणाले.

सकाळी निघताना त्यांनी वरच्या फळीवरून निळ्या ठिपक्याचा डबा काढून पिशवीत टाकला. वहिनींनी बघितलं.

नव्या दारात पहारेकऱ्याने, आमच्याच त्या बकरीवाल्याने, मान खाली घालून त्यांच्या छातीला 'पाहुणे' असा बिल्ला लावला. नियम आहे म्हणाला. साहेब बैठकीत होते. बैठक दिवसभर चालली. मी दुपारी खाली डोकावले तर पुतळ्याभोवती चादर धरलेली आणि आतून करवतीचा अगदी बारीक आवाज येत होता, उंदीर कुरतडतो तेवढा. हाक मारायचा धीर झाला नाही. संध्याकाळी घरी निघताना बघितलं तर मनगट साफ. चीर बुजवलेली, रंग मिळवलेला. इथे कधी कुणाचा हात होता असं सांगूनही पटलं नसतं.

मी तशीच वहिनींकडे गेले. मिस्त्री हात धूत होते. वहिनींनी पिशवीतून डबा काढला, घासायला घ्यावा म्हणून झाकण उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. आत कापसावर प्लास्टरची चार बोटं होती. नखांसकट, एकेक वेगळं कापलेलं.

"बाकीचा हात?" मी विचारलं.

"तिथल्या कचऱ्यात टाकला."

वहिनींनी बोटं ताटलीत काढली, ओळीने लावली. ज्या हाताने लग्नात त्यांचा हात धरला, त्या हाताची बोटं त्या न ओळखतील कशा? मग डबा उलटा करून बघितला, कापूस झटकला.

"अंगठा कुठाय?"

"राहिला तिथेच. मनगटाच्या खालच्या बाजूला आहे."

"तो का ठेवलात?"

"काढला असता तर त्याच्या मनगटाला ओरखडा आला असता," मिस्त्री म्हणाले. "समोरून दिसत नाही तो."

"आणि खालून?" मी विचारलं. "पोरांना?"

त्यांनी टॉवेलने हात पुसले. एकेक बोट करून पुसले, सावकाश, आणि टॉवेल खुंटीला अडकवला.

"खालून कोण बघतं आता," ते म्हणाले.